अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलमधील सहायक प्रशिक्षक : पहिली जागा कशी निवडावी

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नेमके कशाला उत्तर देतो आहे हे इतर वाचकांनाही कळेल. तुमचे वय २५ आहे, विद्यापीठाच्या संघातून आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळला आहात, दोन वर्षे नागपुरातील एका शाळेच्या मुलांना शिकवले आहे आणि येत्या ऑगस्टमध्ये स्पोर्ट मॅनेजमेंटच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी अमेरिकेला निघाला आहात. तिथे दोन ठिकाणांहून होकार आला आहे. पहिले डिव्हिजन वनमधील (कॉलेज खेळांच्या तीन विभागांपैकी सर्वांत वरच्या) मोठे विद्यापीठ, जिथे तुम्ही पुरुष संघासोबत ‘ग्रॅज्युएट मॅनेजर’ असाल. दुसरे डिव्हिजन टूमधील लहान कॉलेज, जिथे ‘ग्रॅज्युएट असिस्टंट’ म्हणून प्रशिक्षकांच्या चमूत जागा आहे, शुल्क माफ आहे आणि थोडे विद्यावेतनही आहे. मुख्य प्रशिक्षक व्हायला किती वर्षे लागतील आणि त्या दृष्टीने कोणता पर्याय जवळचा, असे तुम्ही विचारले आहे.

मी १७ वर्षे या व्यवसायात आहे. चार राज्यांतील पाच कॉलेजांत काम केले, पुरुष संघांसोबत बारा वर्षे आणि आता महिला संघासोबत पाच वर्षे. दोनदा नोकरी गेली. मुख्य प्रशिक्षक मी झालेलो नाही, आणि हे आधीच सांगणे मला आवश्यक वाटते, कारण तुमच्या प्रश्नात सहायक प्रशिक्षकाचे पद म्हणजे मुख्य प्रशिक्षकपदाची उमेदवारी असे जे गृहीत धरलेले आहे, तेच मुळात तपासून पाहायला हवे. हा एक स्वतंत्र पेशा आहे. त्याची कौशल्ये वेगळी आहेत, त्याचे धोके वेगळे आहेत, आणि त्याचा सर्वांत मोठा गुणधर्म असा की त्यात माणूस आयुष्यभर दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पितो. संघ जिंकला तर नाव मुख्य प्रशिक्षकाचे होते, आणि संघ हरून त्याला काढले तर त्याच दुपारी तुमचेही सामान बांधायची वेळ येते. म्हणून ‘किती वर्षे’ यापेक्षा ‘कोणाच्या ओंजळीने’ हा प्रश्न तुमच्यापुढे आज खरा आहे.

आधी संख्येचा विचार करू. डिव्हिजन वनमध्ये पुरुषांचे सुमारे ३६० संघ आहेत, म्हणजे मुख्य प्रशिक्षकाच्या जागाही तेवढ्याच. २०२३ मध्ये एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळांचे नियमन करणाऱ्या संस्थेने, प्रत्येक संघाला तीनऐवजी पाच सहायक ठेवण्याची मुभा दिली. सगळी कॉलेजे पाचही जागा भरत नाहीत, तरी एका जागेमागे तीन ते पाच माणसे उभी आहेत, आणि त्यांत खालच्या विभागांतील यशस्वी मुख्य प्रशिक्षक व माजी एनबीए खेळाडू यांची भर पडते. या रांगेत वर्षे मोजून काही हाती लागत नाही.

उदाहरणे दोन्ही टोकांची सापडतात. १९८९ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या मुख्य प्रशिक्षकाने राष्ट्रीय स्पर्धेच्या तोंडावर दुसऱ्या विद्यापीठाची नोकरी स्वीकारल्याचे जाहीर केले, तेव्हा क्रीडा संचालकांनी त्याला तिथेच बाजूला केले आणि सहायक स्टीव्ह फिशर यांच्या हाती संघ सोपवला. फिशर यांनी लागोपाठ सहा सामने जिंकले, अंतिम सामना जादा वेळेत ८०–७९ असा, आणि ते विजेते ठरले. ही गोष्ट प्रत्येक तरुण सहायकाला तोंडपाठ असते. परंतु नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे बिल गथरिज १९६७ पासून १९९७ पर्यंत तब्बल ३० वर्षे मुख्य प्रशिक्षक डीन स्मिथ यांचे सहायक राहिले, अनेक ठिकाणची निमंत्रणे बाजूला सारून राहिले, आणि साठीत मुख्य प्रशिक्षक झाल्यावर तीन हंगामांत दोनदा संघाला राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम चारांत घेऊन गेले. कनेक्टिकट विद्यापीठाच्या महिला संघात ख्रिस डेली १९८५ साली मुख्य प्रशिक्षक जीनो ऑरिएमा यांच्यासोबत आल्या आणि चार दशके त्यांच्या शेजारच्याच खुर्चीवर बसल्या आहेत. त्यांना कोणी ‘अजून मुख्य प्रशिक्षक झाल्या नाहीत’ असे म्हणत नाही.

माझ्या दृष्टीने तुमच्यासाठी सर्वांत उपयोगी उदाहरण टॉमी लॉइड यांचे आहे. ते गोन्झागा विद्यापीठात मुख्य प्रशिक्षक मार्क फ्यू यांच्या हाताखाली वीस वर्षे होते आणि त्या काळात त्यांनी परदेशी खेळाडू शोधून आणण्यात स्वतःचा असा हातखंडा निर्माण केला. लिथुएनियाचा दोमांतास साबोनिस आणि जपानचा रुई हाचिमुरा ही त्यातली सर्वांना माहीत असलेली नावे. २०२१ मध्ये ॲरिझोना विद्यापीठाने त्यांना मुख्य प्रशिक्षक म्हणून नेले आणि पहिल्याच हंगामात संघाने ३३ सामने जिंकले. वीस वर्षांनी पद मिळाले हा यातला मुद्दा नव्हे. गोन्झागाबाहेरचा माणूससुद्धा ‘हे काम लॉइडचे’ असे बोट दाखवून सांगू शकत होता, हा मुद्दा आहे. संघात आपले म्हणून ओळखता येईल असे एक तरी काम असणे, ही सहायकाची खरी पुंजी.

पगाराबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण विचारायला हवे होते. मोठ्या कॉन्फरन्समधील (आपसांत साखळी सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटातील) अनुभवी सहायक वर्षाला लाखो डॉलर कमावतो, तर डिव्हिजन थ्रीमधील अर्धवेळ सहायकाला पूर्ण हंगामासाठी जे मिळते त्यातून त्याच्या गाडीचे पेट्रोल कसेबसे सुटते. दोघांच्या पदाचे नाव एकच. या व्यवसायात खालच्या माणसाला स्वस्तात राबवण्याची प्रवृत्ती जुनी आहे. १९९२ पासून एनसीएएने डिव्हिजन वनमधील तिसऱ्या सहायकाचे वेतन शैक्षणिक वर्षाला १२,००० डॉलर आणि उन्हाळ्यात ४,००० डॉलर इतकेच राहील असा नियम अमलात आणला होता. खर्च आटोक्यात ठेवणे हे त्याचे कारण सांगितले गेले, परंतु मुख्य प्रशिक्षकांच्या वेतनाला मात्र असा लगाम नव्हता. ते तिसरे सहायक न्यायालयात गेले, १९९५ मध्ये नियम बेकायदा ठरला, १९९८ मध्ये अपील न्यायालयानेही तो निकाल कायम केला आणि अखेर १९९९ मध्ये एनसीएएने ५ कोटी ४५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. नियम गेला, पण ‘तू अजून नवा आहेस, अनुभव मिळतोय ना’ हे वाक्य गेले नाही. ते तुम्हालाही ऐकवले जाईल.

आता प्रत्यक्ष काम काय असते ते सांगतो, कारण आपल्याकडील अनुभवावरून त्याची कल्पना येत नाही. आपल्याकडे क्रीडाशिक्षक किंवा क्लबचा प्रशिक्षक संध्याकाळी मैदानावर येतो आणि शिट्टी गळ्यात अडकवून दोन तास शिकवतो. इथे नियमाप्रमाणे हंगामात खेळाडूंकडून आठवड्याला २० तासांपेक्षा अधिक वेळ घेता येत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष कोर्टवर शिकवणे हा सहायकाच्या आठवड्याचा लहानसा भाग ठरतो. उरलेला वेळ तीन कामांत जातो: प्रतिस्पर्ध्यांचा अभ्यास, नव्या खेळाडूंची भरती आणि असलेल्या खेळाडूंची निगराणी.

प्रतिस्पर्ध्याच्या अभ्यासाला सगळे नुसते ‘स्काउट’ म्हणतात. हंगामातील सामने सहायकांमध्ये वाटून दिले जातात आणि ‘शनिवारचा स्काउट तुझा’ असे म्हटले की त्या सामन्यापुरती सगळी जबाबदारी तुमची. प्रतिस्पर्ध्याचे मागचे पाच-सहा सामने चित्रफितीवर पाहायचे, त्यांच्या प्रत्येक चालीचे नाव व हाताची खूण शोधायची, कोण उजवीकडूनच आत घुसतो, कोणाला तीन गुणांच्या रेषेबाहेर मोकळे सोडले तरी चालते, वेळ संपत आली की चेंडू कोणाकडे जातो हे टिपायचे, मग राखीव खेळाडूंना त्या चाली शिकवून त्यांच्याकडून सरावात प्रतिस्पर्ध्याची नक्कल करून घ्यायची, आणि शेवटी सात-आठ मिनिटांची चित्रफीत कापून संपूर्ण संघापुढे उभे राहून बोलायचे. जानेवारीत कॉन्फरन्सचे सामने सुरू झाले की गुरुवारी एक आणि शनिवारी दुसरा, असा क्रम असतो. शुक्रवारी रात्री बसमध्ये लॅपटॉप मांडीवर घेऊन झोपलेले सहायक मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्यांत मीही होतो.

पहिल्या वर्षी मी चौदा पानांचा अहवाल लिहिला होता. आकडे, आकृत्या, टक्केवाऱ्या, काही म्हणजे काही सोडले नव्हते, आणि मनातून मी त्यावर फार खूश होतो. सांगून संपल्यावर आमच्या गार्डच्या जागेवर खेळणाऱ्या खेळाडूने हात वर करून विचारले, “कोच, पण उद्या मी कोणाला धरायचे?” मुख्य प्रशिक्षक काही बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे पाहिले. त्यानंतर खेळाडूंच्या हाती मी कधीही एका पानापेक्षा जास्त दिले नाही. चौदा पाने आजही तयार होतात, पण ती माझ्यापाशी राहतात. खेळाडूने बास्केटखाली अर्ध्या सेकंदात वापरता येईल एवढेच लक्षात ठेवायचे असते, आणि काय गाळायचे हे ठरवण्यातच स्काउट करणाऱ्याची परीक्षा होते.

भरतीबद्दल माझे मत थोडे कडवट आहे, ते तसे समजूनच वाचा. पूर्वी सहायक दोन-तीन वर्षे एखाद्या शाळकरी मुलाच्या घरी ये-जा करी, त्याच्या आईशी बोले, आजीच्या हातचे जेवे, आणि त्या नात्यावर खेळाडू येई. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाच्या व छबीच्या व्यावसायिक वापराचे पैसे घेता येऊ लागले, त्याच वर्षी पदवीपूर्व खेळाडूला एकदा कॉलेज बदलून लगेच खेळण्याची मोकळीक मिळाली, २०२४ पासून ती कितीही वेळा मिळू लागली, आणि जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीने कॉलेजांना थेट खेळाडूंना पैसे देता येऊ लागले. २०२५-२६ या पहिल्या वर्षासाठी या पैशांची मर्यादा सर्व खेळ मिळून एका संस्थेला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर अशी ठरली. याचा परिणाम असा की एप्रिल महिन्यात अर्धा संघ निघून जातो आणि दहा-बारा दिवसांत नवा उभा करावा लागतो. खेळाडूंना पैसे मिळू लागले हे न्याय्यच झाले. मात्र ज्या सहायकाची पुंजी केवळ ओळखीपाळखी ही होती, तिची किंमत घटली, आणि जो एखाद्या अनोळखी खेळाडूच्या पाच चित्रफिती पाहून ‘हा आपल्या पद्धतीत बसेल की नाही’ हे खात्रीने सांगू शकतो, त्याची वाढली. तुमच्यासारख्या बाहेरून आलेल्या, कोणाचीही ओळख नसलेल्या माणसाला ही गोष्ट अनुकूल आहे.

भरतीच्या बाबतीत एक सावधगिरीही सांगतो. सप्टेंबर २०१७ मध्ये एफबीआयने चार नामांकित विद्यापीठांच्या सहायक प्रशिक्षकांना अटक केली. खेळाडूंना विशिष्ट एजंट आणि सल्लागारांकडे वळवण्यासाठी लाच घेतल्याचा आरोप होता. मुख्य प्रशिक्षकांपैकी कोणालाही अटक झाली नाही. दुसऱ्याच्या फायद्यासाठी केलेल्या गोष्टीची झळ कोणाला बसते, हे त्यावरून ध्यानात ठेवा. ‘हे जरा तूच बघून घे’ असे तोंडी सांगितलेले कोणतेही काम मी ईमेलवर लिहून विचारतो. बहुतेक वेळा ते काम मग राहूनच जाते.

आता तुमच्या परिस्थितीवर अवलंबून असलेला भाग, म्हणजे व्हिसा. इथे अमेरिकी मुलांना दिलेला सल्ला तुम्हाला लागू पडत नाही. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॉलेजच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येते, आणि ग्रॅज्युएट असिस्टंटचा करारही कागदावर तेवढ्याच तासांचा असतो. प्रत्यक्षात हंगामात हे काम त्याच्या दुप्पट पसरते. तासांचा हिशेब चुकला तर धोक्यात येतो तो तुमचा व्हिसा. मुख्य प्रशिक्षकाला त्याची बहुधा कल्पनाही नसते. तुमचे सहकारी खाजगी शिकवण्या घेऊन, शाळकरी क्लब संघांना शिकवून वरखर्च भागवतील. तुम्हाला आवाराबाहेरचे ते पैसे घेता येणार नाहीत. म्हणून कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला पहिल्याच आठवड्यात भेटा आणि उत्तरे लेखी घ्या. पदवीनंतर १२ महिने कामाची परवानगी मिळते. पुढे एचवनबी या नोकरीच्या व्हिसासाठी कॉलेजने अर्ज करावा लागतो. विद्यापीठे आणि कॉलेजे त्या व्हिसाच्या वार्षिक सोडतीतून वगळलेली आहेत ही मोठीच सोय आहे, पण सहायक प्रशिक्षकाच्या जागेसाठी विशिष्ट विषयाची पदवी आवश्यक आहे हे सिद्ध करणे सोपे नसते, आणि तीस-चाळीस हजार डॉलर पगाराच्या माणसासाठी वकिलाचा खर्च करायला लहान कॉलेजे कचरतात. माझ्या बाबतीत मुख्य प्रशिक्षकांनी स्वतः क्रीडा संचालकांकडे तीन फेऱ्या मारल्या म्हणून ते झाले. त्या माणसाने मनावर घेतले नसते तर मी आज कदाचित नागपुरात असतो. पुन्हा मुद्दा तोच येतो, कोणाच्या ओंजळीने.

या सगळ्या विचारानंतर माझा कौल डिव्हिजन टूच्या बाजूने आहे. मोठ्या विद्यापीठात तुम्ही चेंडू द्याल, घामाचे टॉवेल गोळा कराल, चित्रफिती कापाल, विमानतळावरून पाहुणे आणाल, आणि त्या बदल्यात मोठ्या माणसांची कार्यपद्धती जवळून पाहाल. हे कमी नाही. इंडियाना विद्यापीठात बॉब नाइट यांच्या संघाचा विद्यार्थी मॅनेजर असलेला लॉरेन्स फ्रँक पुढे एनबीएमधील न्यू जर्सी नेट्स संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. पण तिथे तुमच्यासारखे आणखी आठ-दहा जण असतील, दोन वर्षांत मुख्य प्रशिक्षकाला तुमचे नाव नीट उच्चारता येईल याचीही खात्री नाही, आणि तुमच्याकडे व्हिसामुळे बाकीच्यांसारखी पाच वर्षे वाट पाहण्याची मुभा नाही. लहान कॉलेजात चमू तीन-चार माणसांचा असतो. माणसे कमी म्हणून काम तुमच्यावर पडते, आणि पडले म्हणून येते. तिथे पहिल्याच डिसेंबरात एखादा पूर्ण स्काउट तुमच्या हाती येण्याचा संभव आहे.

दोन परिस्थितींत मात्र मी उलट सांगेन. मोठ्या विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक आपल्या मॅनेजरांना पुढे जागा मिळवून देण्यासाठी खरोखर ओळखले जात असतील तर तिकडे जा; मागच्या पाच वर्षांतील मॅनेजर आज कुठे आहेत हे कॉलेजच्या संकेतस्थळावरील जुन्या नावांवरून तासाभरात शोधता येते. आणि डिव्हिजन टूच्या संघाचे मागचे तीन हंगाम वाईट गेले असतील तरीही विचार बदला, कारण मुख्य प्रशिक्षक गेला की नवा माणूस आपली माणसे आणतो. माझी पहिली नोकरी अशीच गेली. मार्चमधला सोमवार होता, सकाळी नऊला बैठक झाली आणि साडेनऊला चाव्या परत मागितल्या. पत्नी तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तसे आमचे दोन वर्षे चालले. या पेशात घरच्यांची तयारी हा किरकोळ प्रश्न नाही, आणि तुमच्या पत्रात घराचा उल्लेख आला नाही म्हणून मुद्दाम लिहितो.

एक गोष्ट तुम्ही विचारातच घेतलेली दिसत नाही, ती म्हणजे महिला संघ. डिव्हिजन वनमध्ये महिलांचे संघही जवळपास तेवढेच आहेत आणि पुरुष सहायक तिथे सर्रास असतात. मी नाइलाजाने आलो, आणि शिकवण्याचे समाधान मला इथे अधिक मिळाले. पायाची हालचाल, पासची वेळ, स्क्रीनचा, म्हणजे प्रतिस्पर्ध्याची वाट अडवून उभे राहण्याचा, कोन यांवर इथे जास्त बोलले जाते, निदान माझ्या अनुभवात तरी. डिव्हिजन टूच्या त्याच कॉलेजात महिला संघाच्या प्रशिक्षकांनाही भेटून ठेवा.

होकार कळवण्यापूर्वी डिव्हिजन टूच्या मुख्य प्रशिक्षकांना एक छोटे, नम्र पत्र पाठवा आणि चार गोष्टी विचारा: त्यांच्या कराराची किती वर्षे उरली आहेत, मागचे दोन ग्रॅज्युएट असिस्टंट सध्या कुठे काम करतात आणि त्यांच्याशी तुम्हाला बोलता येईल का, पहिल्या हंगामात स्काउट तुमच्याकडे सोपवला जाईल का, आणि परदेशी कर्मचाऱ्यासाठी कॉलेजने पूर्वी कधी एचवनबीचा अर्ज केला आहे का. पहिला प्रश्न उद्धट वाटेल, पण या व्यवसायात तो सगळेच विचारतात. त्या माजी असिस्टंटांपैकी एकाशी फोनवर बोलणे झाले की त्याने काय सांगितले ते इथे लिहा. पत्रातील शब्दांपेक्षा त्याच्या बोलण्यावरून मला अधिक नेमके सांगता येईल.